मार्टिनीच्या पुंगळ्या

ॲन आर्बर
१८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुहास,

तुला आणि पुरुषोत्तमरावांना पोटभर आशीर्वाद. वरच्या कोपऱ्यातला डाग शाईचा नाही हं. पितळेचा आहे. माझी बोटं सध्या काळी असतात. सांगते सगळं, घाई करू नकोस.

तुला ऐकू येत नाही आणि मला फोनवर टाइप करता येत नाही, हे एका परीनं बरंच झालं बाई. नाहीतर एवढं कुणाशी बोलले असते? अरुण सकाळी मीटिंगमध्ये शिरतो तो जेवायलाच बाहेर येतो. प्रीता ऑफिसात. स्वानंदी "हाय आजी" म्हणते आणि जिना चढून जाते, मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर. मग मी खिडकीतून समोरचं झाड बघायचे. त्याची पानं गळून संपली, तेव्हा म्हटलं आता बघायचं काय?

तर शेजारी डेल म्हणून एक म्हातारा आहे. बायको आहे, पण तिची आठवणच गेलीय, तिला एका ठिकाणी सांभाळायला ठेवलीय. हा रोज जाऊन तिला आपलं नाव सांगून येतो. एकदा थालीपीठ द्यायला गेले, तर गॅरेजचं दार उघडं, आणि आत टेबलावर काय असावं? काडतुसाच्या पितळी पुंगळ्या! रिकाम्या, ओळीनं उभ्या. मी दारातच थबकले. आपले पुरुषोत्तमराव ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्मभर जे करत होते तेच की गं! फक्त या जाडजूड, खाली पोट आणि वर बारीक मान.

त्याच्याकडे जुनी बंदूक आहे, मार्टिनी म्हणतात तिला. इंग्रजांच्या पलटणीकडे असायची. ही म्हणे नेपाळच्या कोठारात कितीतरी वर्षं पडून होती, तिथून इकडे विकायला आली. मी म्हटलं, "म्हणजे ही माझ्या माहेरच्या बाजूची." अरुणनं ते इंग्रजीत सांगितलं तर डेल पोट धरून हसला. आता हिची काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानात थोडीच मिळणार? म्हणून हा शॉटगनच्या जुन्या पितळी पुंगळ्या शोधतो, चोवीस नंबरच्या, आणि साच्यात दाबून दाबून त्यांना मार्टिनीची मान काढतो.

मला काम मिळालंय! पुंगळी पाण्याच्या थाळीत उभी करायची, अर्धी बुडलेली. वरच्या अर्ध्यावर ज्योत फिरवायची. दिवा मालवून बघावं लागतं, जराशी लाली दिसली की टोचून पाण्यात आडवी. चुर्र! तापवलं नाही तर पितळ हट्टी राहतं आणि साच्यात फाटतं. मग मी तिला लोण्यासारखं काहीतरी चोपडते आणि तो दाबयंत्राचा दांडा खाली ओढतो. एका साच्यात नाही होत, तीन साचे, मध्ये परत तापवणं. तरी कितीतरी चिरतात. चिरली की तो "डॅम" म्हणतो. मीही म्हणते.

शनिवारी ट्रकमध्ये बसून पुंगळ्या शोधायला जातो. इथे माणूस गेलं की त्याचं घर उघडतात आणि चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्यावर किंमत चिकटवतात. परक्यांनी यायचं, कपाटं उघडायची. परवा एका घरात शिवणाच्या सामानाखाली कॉफीचा डबा होता, हलवला तर खण्ण! पुंगळ्या! मी ओरडलेच. गेलेल्या माणसाची मुलगी कोपऱ्यात उभी होती, रडून डोळे सुजलेले, ती माझ्याकडे बघायला लागली. लाजले गं. पण डबा सोडला नाही.

तुझी निधी रविवारी वरणभाताला येते. पीएचडीच्या अभ्यासानं वाळलीय. दर वेळी विचारते, "मावशीआजी, आजोबांना खरंच बरं आहे ना?" मी म्हणते, हो गं. आहे ना?

तुझी,
गिरजाताई


वरणगाव
१२ नोव्हेंबर

ती. गिरजाताईस नमस्कार.

पत्र पोचलं. डागही पोचला.

ह्यांना बरं नाही. विचारलंस म्हणून लिहिते. हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, औषधानं ओढता येईल तेवढं ओढू. पाय सुजतात. निजलं की दम लागतो म्हणून उशीला टेकून बसवते, बसवलं की मान पडते. सुशांतनं निधीला कळवलेलं नाही, तिची परीक्षा आहे म्हणे. आपली मुलगी आजोबांच्या ताटात जेवून मोठी झाली हे विसरला तो. तिची आई गेली तेव्हा पोर घास गिळत नव्हती, ह्यांनी भरवला तरच गिळायची. आता हे तेच करतात. निधी आल्यावर जेवतो म्हणतात. मला ऐकू येत नाही, पण ह्यांच्या ओठांवर तिचं नाव ओळखता येतं.

तुझं पत्र वाचून दाखवलं. कितीतरी दिवसांनी आपण होऊन ताठ बसले. म्हणाले, "ताईंना लिही, मानेकडूनच तापवा. बूड तापवायचं नाही. बूड मऊ झालं तर बंदूक उडवणाऱ्याच्या तोंडावर फुटेल." मी ऐकू येत नाही अशी खूण केली तर पाटीवर लिहून दिलं. मग फॅक्टरीचं सगळं पाटीवर. सुटी झाली की गेटवर झडती, खिसे उलटे करून दाखवायचे. लिहिलं, "पस्तीस वर्षं लाखो पुंगळ्या हातून गेल्या. एक घरी आणली नाही." पुसलं आणि परत लिहिलं, "एकसुद्धा नाही." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

निधीला आता यायला सांग. तू सांग, तुझं ऐकेल. त्यांना तिला बघायचं आहे, दुसरं काही नको आहे.

तू मजेत आहेस. राहा. राग नाही माझा.

सुहास


ॲन आर्बर
१० डिसेंबर

चि. सौ. सुहास,

निधी निघाली! परवाचं विमान. तुझं पत्र तिला वाचायला दिलं, ती माझ्याच स्वयंपाकघरात खाली बसून रडली. मग उठली, तोंड धुतलं, आणि प्रोफेसरला काय ते कळवून तिकीट काढलं. तू पुरुषोत्तमरावांना सांग, घास धरून ठेवा, भरवणारी येतेय.

आता गंमत ऐक. पण त्यांना सांगायची नाही.

पाटीवर त्यांनी दोनदा लिहिलं ना, एकसुद्धा नाही? जन्मभर दुसऱ्यासाठी केल्या, आणि घरच्या फळीवर ठेवायला एक नाही! मनात राहिलंय गं त्यांच्या. तुला नाही कळायचं ते, तू त्यांना रोज बघतेस. मला लांबून कळलं. मी डेलला म्हटलं, "डेल, बेस्ट थ्री." त्यानं विचारलं कुणाला? मी हात डोक्यावर नेऊन फॅक्टरीची टोपी दाखवली, मग झोपल्यासारखी मान टाकली. त्याला समजलं बघ. त्यानं स्वतः निवडल्या, भिंगातून बघून, कुठे केसभर चीर नाही अशा. मी चिंच-मीठ लावून घासल्या. सोन्यासारख्या! आत दारू नाही, काही नाही, नुसतं भांडं. मान मी तापवलीय, बूड नाही तापवलं, तेही नंतर सांग त्यांना.

बदामाच्या खोक्यात घातल्या आणि टेपच टेप गुंडाळली. इथली रीत तुला माहीत नाही. कुणी भारतात निघालं असं कळलं की चार घरचे खोके येतात, आणि नेणारा उघडून बघत नाही, तसं बघणं बरं दिसत नाही. कुणा नीनाच्या घरून व्हिटॅमिनच्या बाटल्या, आणखी कुणाचे बूट. माझा खोका बघून निधी म्हणाली, "मावशीआजी, बॅग ऑलरेडी जड आहे यार." मी म्हटलं, "म्हातारीला यार म्हणतेस?" तर हसली आणि कपड्यांखाली सारला. काय आहे विचारत होती. बदाम, म्हटलं. आजोबांच्याच हातात दे.

त्यांनी हातात घेतल्यावर काय तोंड केलं ते मला लगेच लिही. एक अक्षर सोडू नकोस.

गिरजाताई


वरणगाव
२२ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

हे गेले. सोमवारी सकाळी. सुशांतनं अरुणला फोन केला होता, तुला कळलं असेलच.

निधीची भेट झाली नाही.

ती शनिवारी भारतात उतरली. तिथून दुसऱ्या विमानात बसायचं होतं, तिथे बॅग तपासली. बॅगेत काडतुसाच्या पुंगळ्या निघाल्या, रिकाम्या असल्या तरी परवाना लागतो म्हणे. तीन. तिला बाजूला घेतलं, मग पोलीस चौकीत. सुशांत धावला. रविवारी कोर्ट नाही. सोमवारी जामीन झाला, पासपोर्ट ठेवून घेतला. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा लोक ह्यांना पोचवून परतले होते.

मी तिला पहिलं विचारलं, ताईनं दिल्या का गं? म्हणाली, नाही, मावशीआजीला ठाऊकसुद्धा नाही. मीच डेलच्या गॅरेजमधून उचलल्या, आजोबांना दाखवायला. तिनं पोलिसांनाही हेच लिहून दिलं. उचलल्या म्हणजे चोरल्याच ना? तू तिला जेवायला घालत होतीस आणि ती शेजाऱ्याकडून वस्तू उचलत होती. त्या म्हाताऱ्याची माझ्या वतीनं माफी माग. त्याच्या बायकोचं वाचून आधीच वाईट वाटलं होतं.

शनिवारी ह्यांनी दाढी करून घेतली. नवा सदरा घातला. रविवारी बोलणं भलतीकडे गेलं. फॅक्टरी सुटलीय असं त्यांना वाटत होतं. पायजम्याचे खिसे उलटे करून दाखवत होते, पुन्हा पुन्हा. मी आत सारले की परत बाहेर काढायचे. समोर कुणी नव्हतं. ओठ हलत होते, मी वाचले. "बघा साहेब, काही नाही."

आणि त्याच वेळी त्यांची नात पुंगळ्यांपायी चौकीत बसली होती. हे त्यांना कळलं नाही, एवढं एक बरं झालं.

भेटायला येतात ते हळू बोलतात. मला ऐकू येत नाही म्हणून तोंड लपवायची कुणाला गरज वाटत नाही. "ऑर्डनन्सवाल्याची नात काडतुसं घेऊन आली." फॅक्टरीतले त्यांच्या हाताखालचे लोक आले होते, त्यांनी डोळे वर केले नाहीत.

मी तिच्याशी बोलत नाही. एकदाच बोलले. म्हटलं, "खेळणी मिळाली का तुला अमेरिकेत?" ती उठून आत गेली. ह्यांच्या खोलीत जमिनीवर निजते. ताट दिलं तर दोन घास खाऊन सारते.

सुहासिनी


ॲन आर्बर
२७ डिसेंबर

चि. सौ. सुहास,

अगं, पत्र का नाही तुझं? रोज टपालपेटी बघते. बर्फ साचलाय, पेटीचं झाकण ओढायला दोन्ही हात लागतात, आत औषधाच्या जाहिराती.

अरुण म्हणाला, निधी पोचली, ठीक आहे. पुरुषोत्तमराव? म्हणाला, तसेच आहेत. तसेच म्हणजे कसे रे? तर म्हणाला, "आई, मला कॉल आहे." कामाचा ताण आहे त्याला. ग्रीन कार्डाची फाइल कुठेतरी पुढे सरकलीय म्हणतात, त्या काळजीनं नीट जेवत नाही, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. परवा म्हणाला, डेलकडे जात जाऊ नकोस. का रे? तर म्हणाला, थंडी आहे. थंडी! गॅरेजात शेगडी असते, मी त्याच्यापेक्षा ऊबेत असते. तो घरात नसला की जाते मी.

डेलला मी सांगितलं की आपल्या पुंगळ्या पोचल्या. त्याला इतका आनंद झाला. बायकोला भेटायला गेला तेव्हा तिलाही सांगितलं म्हणे, की आपल्या हातच्या पुंगळ्या इंडियातल्या एका उस्तादाकडे गेल्या. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती टाळ्या वाजवायला लागली. तो मला हे सांगताना रडला आणि मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

आता खरं सांग, त्यांनी हातात घेऊन काय केलं? मानेवरून अंगठा फिरवला असणार. चूकही काढली असेल, काढू देत. मी दुसऱ्या सहा तयार करतेय, यातली मान आणखी सरळ आलीय. कुणी निघालं की पाठवते.

निधीला म्हणावं, खोका न उघडता नेलास, शहाणी गं माझी. बदाम म्हटलं म्हणून रागावू नकोस.

गिरजाताई


वरणगाव
१९ जानेवारी २०२५

ताई,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. दहा तारखेचं आणि सत्तावीस तारखेचं. दोन्हीवर सौ. लिहिलंय.

म्हणजे तुला अरुणनं सांगितलंच नाही. माझं पत्र कदाचित आता पोचलं असेल. नसेल तर ऐक, हे गेले. धाकट्या बहिणीला हे दोनदा लिहावं लागतंय.

पत्रं वाचून निधीला हाक मारली. समोर धरली. तिनं वाचली नाहीत, नुसतं अक्षर बघितलं आणि मान खाली घातली. मी विचारलं, का सांगितलं नाहीस? पाटी घेऊन लिहिलं, "अरुणकाकांची फाइल आहे. मावशीआजी खूप खूश होत्या." मग पाटी पुसली.

मी तिला चोर म्हटलं होतं, ताई. तेराव्याला, सगळ्यांसमोर. जवळ ओढायला गेले तर अंग लाकडासारखं. तिनं मला ढकललं नाही. धरलंही नाही.

तू विचारलंस ते सांगते. त्यांनी हातात घेतल्या नाहीत. पोलिसांकडे आहेत, पिशवीत, लाखेचं सील लावून. मानेवरून अंगठा फिरवला नाही. आणि त्यांच्या मनात काही राहिलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं कारण त्यांना त्याचा अभिमान होता. जन्मभरात तेवढी एक गोष्ट त्यांनी स्वतःविषयी चांगली सांगितली, आणि तुला ती हौस वाटली. मी पण तशीच कोरडी लिहिली म्हणा. चूक तुझी एकटीची म्हणायलाही जीभ रेटत नाही, म्हणून जास्त राग येतो.

वकील म्हणतो, पोरीला खोक्यात काय आहे ठाऊक नव्हतं असं सिद्ध झालं तर सुटेल. पण तिनं माझ्याच आहेत असं लिहून दिलंय. आता देणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं तरच काही. तेही नक्की नाही. तिकडचं सेमिस्टर सुरू झालं. प्रोफेसरचं पत्र आलं, जागा फार दिवस ठेवता येणार नाही.

निधी म्हणते, मागायचं नाही. मी मागत नाही. तुला कळवलं.

सुहासिनी


ॲन आर्बर
६ फेब्रुवारी

चि. सुहास,

नावाच्या आधीचं एक अक्षर गाळताना हात थांबला. तुझी दोन्ही पत्रं आली. पहिलं अरुणच्या टेबलाच्या खणात होतं, फोडलेलं. दुसरं मी स्वतः पेटीतून घेतलं.

त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" म्हणाला, "आई, तुझं बीपी." मी म्हटलं, माझं बीपी राहू दे, पोरगी चौकीत बसली होती तेव्हा तुला ठाऊक होतं? मग म्हणाला, "तुझं नाव आलं की या घराचा पत्ता येतो. बारा वर्षं थांबलोय आई. स्वानंदीचं काय?" सुहास, तो वाईट नाही. मला त्याला वाईट म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो रडत होता आणि माझ्या हातातून पेन काढून घेत होता.

डेलला स्वानंदीनं सांगितलं. तो खुर्चीवर बसला तो उठेचना. नंतर त्यानं एका कागदावर लिहून दिलं की पुंगळ्या त्यानंच निवडून मला दिल्या, कुणी उचलल्या नाहीत. तोही सोबत घातलाय. साचे त्यानं काढून ठेवले. त्या दुसऱ्या सहा मी त्याला वितळवायला सांगितल्या, तर म्हणाला, वितळवायची भट्टी आपल्याकडे नाही. मग हातोडीनं चेपल्या. पितळ मऊ केलेलं, लगेच चेपतं.

माझं लिहिणं तुला ठाऊक आहे, चौथी पास. स्वानंदीला म्हटलं, इंग्रजीतून लिहून देतेस का? तिनं वडिलांकडे बघितलं आणि जिना चढून गेली. म्हणून मराठीतच लिहिलंय. वकील भाषांतर करून घेईल. खालच्या कागदावर वेगळं आहे, पण इथेही लिहिते, म्हणजे एक हरवलं तर दुसरं राहील:

मी गिरिजा, राहणार ॲन आर्बर, लिहून देते की खोका मी भरला, टेप मी लावली, आत बदाम आहेत असं मी निधीला खोटं सांगितलं. तिला काही माहिती नव्हतं. पुंगळ्या रिकाम्या होत्या. तिच्या आजोबांनी मागितल्या नव्हत्या. मलाच वाटलं.

शेवटची ओळ वकिलाला नको असेल तर खोडू दे. मी नाही खोडत.

अरुण तेव्हापासून बोलला नाही. प्रीता ताट वाढते आणि बाजूला होते. फाइलीचं काय होईल ठाऊक नाही. कदाचित काहीच होणार नाही, कदाचित सगळ्यांना सामान बांधावं लागेल. तो आता या घराकडे असा बघतो की जणू प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवलीय.

निधीला काही सांगू नकोस. मी खूश होते म्हणून ती गप्प बसली, हे वाचल्यापासून मला ते खूश असणं अंगावर घातलेल्या दुसऱ्याच्या कपड्यासारखं झालंय, काढूनही टाकता येत नाही. हे तिला कशाला सांगायचं? तिनं जेवावं एवढंच वाटतं. तू भरवून बघ. नाही गिळला तरी बघ.

मी परत आले, तर यायला तुझ्याशिवाय दुसरं घर नाही. दार उघडशील का, असं विचारायला पेन टेकवलं होतं. विचारत नाही.

गिरजा